वैराग्य की वैताग?



गेल्या चातुर्मासातला गुरुवार. देवळातली आरती आटोपून घरी आलो, पाय धुतले आणि तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. एरवी आईशी बोलणारा पोरगा त्या दिवशी म्हणाला, "बाबांना दे." मी फोन घेतला. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, सगळं सोडून द्यावंसं वाटतंय. नोकरी नको, फ्लॅट नको, ते हप्ते नकोत. गावाकडं येऊन राहू का? शेती बघीन, पारायणं करीन."

मुलगा चाळिशीला टेकलेला. नोकरी चांगली, संसार चांगला, दोन लेकरं. कशाची उणीव म्हणून सांगता येत नाही. मी आपलं "बघू, शांत हो, जेवलास का?" असं काहीबाही बोललो आणि फोन ठेवला. पण त्या रात्री झोप लागली नाही. कारण हाच प्रश्न चोवीस वर्षांपूर्वी मीही घरात टाकला होता, आणि त्याचं उत्तर मला धड मिळालं नव्हतं. यंदाच्या श्रीदत्तजयंती अंकासाठी काहीतरी लिहा, असं मंडळींनी सांगितलं तेव्हा ठरवलं, की यावरच लिहावं. अधिकारवाणीनं नाही. हिशेब जुळवताना कारकून जसा खालून वर परत एकदा बेरीज करतो, तसं.

आपल्या मराठीत 'चाळिशी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे वयाचं चाळिसावं वर्ष, आणि दुसरा म्हणजे त्या वयात नाकावर येणारा चष्मा. आपल्या जुन्या माणसांनी हे बरोबर ओळखलं होतं. या वयात लांबचं चांगलं दिसतं, पण हाताशी धरलेलं अक्षर अंधूक होतं. गाणगापूर दिसतं, हिमालय दिसतो. शेजारी बसून भाकरी वाढणारं माणूस मात्र नीट दिसत नाही.

हल्ली याला 'मिडलाइफ क्रायसिस' म्हणतात. एलियट जॅक्स नावाच्या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञानं 1965 साली एका निबंधात हे नाव वापरलं आणि ते जगभर झालं. मोठमोठ्या कलावंतांची आयुष्यं तपासून त्यानं असं मांडलं, की पस्तिशीच्या सुमाराला माणसाला पहिल्यांदा आतून कळतं की आपणही मरणार. तोवर ते ऐकीव असतं. पुढची वर्षं मागच्यांपेक्षा कमी उरली, असा हिशेब मनात सुरू होतो, आणि मग जे मिळवलं ते फिकं वाटायला लागतं. कुणी नवी गाडी घेतो, कुणी नको त्या नादाला लागतो, कुणी दारू जवळ करतो, आणि आपल्यासारखा देवभोळा माणूस म्हणतो, मला वैराग्य आलं.

आमच्या वयाची मंडळी यावर लगेच म्हणतात, "ही सगळी पोट भरल्यावरची थेरं. आमच्या वडिलांना कुठं होता हो असला क्रायसिस?" मीही तसंच म्हणायचो. पण आता विचार केला की वडील आठवतात. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि वडील चव्वेचाळीस. दगडमातीच्या भिंतींचं आमचं घर बसलं. आम्ही सगळे वाचलो, ही दत्तमहाराजांची कृपा. पण वडिलांनी वीस वर्षं राबून उभं केलेलं ते घर होतं. त्यानंतर वर्षभर वडील कुणाशी फारसे बोलले नाहीत. काम करायचे, जेवायचे, ओट्यावर बसून समोर बघत राहायचे. आईनं एकदाच मोठ्या भावाला सांगितलेलं माझ्या कानावर आहे, "त्यांना काय विचारू नका, त्यांचा स्वभावच तसा झालाय." आम्ही त्याला स्वभाव म्हणालो. त्या स्वभावाचं ओझं आईनं एकटीनं वाहिलं, आणि आम्ही पोरं बापाला भ्यायला शिकलो. तेव्हा नाव नव्हतं एवढंच, दुखणं होतं.

दुसरं उदाहरण बँकेतलं. आपल्या पाटण खोऱ्यानं मुंबईला गिरणी कामगार दिले, माथाडी दिले. गडी मुंबईला गाळ्यात आणि बायको गावाकडं, असे निम्मे संसार. मी 1981 साली बँकेत चिकटलो. पुढच्याच वर्षी, 18 जानेवारी 1982 ला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो संप कधी संपलाच नाही. आमच्या काउंटरवर दर महिन्याला येणारे ड्राफ्ट थांबले आणि थोड्या महिन्यांनी ड्राफ्टऐवजी माणसंच गावाकडं आली.

त्यातला एक गडी मला विसरता येत नाही. वय असेल त्रेचाळीस-चव्वेचाळीस. बायकोबरोबर बँकेत आला. खातं बायकोच्या नावावर, अंगठ्यावर चालणारं. सतरा-अठरा वर्षं तिनंच ते चालवलेलं. बियाणं, पोरांची शाळा, सासऱ्याचं औषध, सगळं तिनं त्या पासबुकावर भागवलं होतं. गडी म्हणाला, "खातं माझ्या नावावर करा. घरचा कर्ता मी हाय." बाई काहीच बोलली नाही, पण पासबुकावरची मूठ सोडेना. मी नियम सांगितला, की खातेदाराच्या मर्जीशिवाय होणार नाही. तेव्हा तो गडी तिथंच बाकावर बसला आणि सगळ्यांदेखत रडला. मला त्या वेळी हसू आलं होतं, हे आज लाजेनं सांगतो. मी चोवीस वर्षांचा होतो. मला दिसला तो पासबुकासाठी भांडणारा नवरा. खरं म्हणजे चव्वेचाळिसाव्या वर्षी आपली कुठंच जागा उरली नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. आणि त्या बाईचं काय? अठरा वर्षं नवरा नसताना घर चालवायचं, आणि तो आला की एका दिवसात सगळं सोडून बाजूला व्हायचं, हाही काही लहान आघात नव्हे. पण ती रडली नाही, म्हणून तिच्याकडं कुणी पाहिलं नाही.

आता माझं सांगतो.

2000 साली सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षं नोकरी किंवा वय चाळीस पूर्ण असलं की अर्ज करता येत होता. झालेल्या प्रत्येक वर्षामागं साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांतलं जे कमी ते मिळायचं. माझं वय बेचाळीस. शाखेत संगणक आले होते. ज्या खतावण्या मी डोळे मिटून जुळवत होतो त्या गेल्या, आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान साहेब मला बोट धरून माउस फिरवायला शिकवू लागला. त्यात एकदा चार लोकांसमोर बोलला. लागलं मनाला.

मी फॉर्म आणला. घरी सांगितलं, की आता संसार पुरे. मिळेल ती रक्कम मुलांच्या नावानं ठेवतो आणि मी गाणगापूरला जाऊन राहतो, संगमावर स्नान, माधुकरी आणि पारायण. आईला आनंद झाला. पोरगा देवाला लागला म्हणून तिनं शेजारीपाजारी सांगितलंही. मलाही मी फार मोठा वाटायला लागलो होतो. सौ. मात्र दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, "तुम्ही गाणगापुरात माधुकरी मागाल. आम्ही कुणाकडं मागायची?"

मला राग आला. ही बाई माझ्या परमार्थाच्या आड येते, असं वाटलं. त्याच रागात पिशवी भरली, कऱ्हाडला जाऊन पॅसेंजर धरली, भिलवडीला उतरलो आणि औदुंबरला गेलो. कृष्णेच्या काठी श्रीगुरुचरित्राचं पारायण सुरू केलं. तोवर डझनभर तरी पारायणं झाली असतील. सोवळं, नेम, सात दिवस, सगळं व्यवस्थित; पण आपण वाचतो ते कानावरून जातं, आत उतरतंच असं नाही. त्या वेळी श्रीनृसिंहसरस्वतींच्या बालपणाचा भाग आला आणि अडखळलो.

कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कारंज्याचे माधव आणि अंबा यांचा हा अवतारी मुलगा. मुंज झाल्यावर घर सोडून निघाला. आई रडू लागली. आता लक्षात घ्या, हे प्रत्यक्ष दत्तप्रभूंचे अवतार. त्यांना कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. तरी ते थांबले. आईची समजूत घातली, तिला आणखी मुलं होतील असं सांगितलं, जुळे मुलगे झाले, तिची कूस आणि घर भरलेलं पाहिलं, तेव्हाच तिचा निरोप घेऊन काशीला गेले. तीस वर्षांनी भेटीन असा शब्द दिला आणि तो पाळून कारंज्याला आले. अवतारी पुरुष आईचा निरोप घेतल्याशिवाय गेला नाही, आणि पाटणचा एक कारकून बायकोवर रागावून, साहेबावर रुसून, निरोपाशिवाय औदुंबरला येऊन बसला होता. पोथी मिटली नाही, पण त्या दिवशी पुढचं वाचताना डोळ्यांपुढं अक्षर ठरेना, आणि ते चष्म्यामुळं नव्हतं.

याच्या उलट बाजूची कथाही आपल्याच महाराष्ट्रात आहे. आळंदीचे विठ्ठलपंत. वैराग्याचा ओढा खरा होता, पण पत्नी रुक्मिणीबाईंची मनापासून संमती नसताना काशीला जाऊन त्यांनी संन्यास घेतला. परंपरा सांगते, की घरी पत्नी आहे हे गुरूंना समजलं तेव्हा त्यांनी शिष्याला परत संसारात धाडलं. विठ्ठलपंतांनी गुरूंची आज्ञा पाळली, पण समाजानं त्याची शिक्षा दिली ती मुलांना. संन्याशाची पोरं म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई यांनी जे सोसलं ते सोसलं. ती लेकरं लोकोत्तर होती म्हणून त्या दुःखातून अमृत निघालं. आपली लेकरं साधी असतात. त्यांच्या वाट्याला नुसतंच दुःख येतं. यात विठ्ठलपंतांना दोष देण्याची माझी पात्रता नाही. क्रूरपणा समाजाचा होता. पण एकानं सोडलेलं ओझं कधी हवेत विरत नाही, ते घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जातं, एवढं त्यातून शिकावं.

जमाखर्चाचा पहिला नियमही तोच आहे. एका बाजूला नावे टाकलं, की दुसऱ्या बाजूला कुठं तरी जमा दाखवावंच लागतं.

मग वैराग्य आणि वैताग ओळखायचे कसे? मला जेवढं उमगलं ते सांगतो. वैतागाला नेहमी एक आरोपी लागतो. साहेबामुळं, बायकोमुळं, या घरामुळं. वैराग्याला कुणाविषयी तक्रार नसते. वैताग रात्रीत जायला निघतो. वैराग्याला घाई नसते, ते निरोप घेतं, देणी फेडतं. आपल्या प. पू. टेंबे स्वामी महाराजांकडे पाहा. 1854 साली माणगावला जन्म, अंगी तीव्र वैराग्य. तरीही गृहस्थाश्रमात पत्नीसह राहिले आणि 1891 साली पत्नी निवर्तल्यावरच संन्यास घेतला. मनुस्मृतीतसुद्धा वानप्रस्थ सांगितला आहे तो अंगावर सुरकुत्या, केस पांढरे आणि नातवंडाचं तोंड पाहिल्यावर. आणि तेव्हाही पत्नीला मुलांच्या हवाली करून किंवा बरोबर घेऊन. जबाबदारी पूर्ण होण्याआधीची सुटका शास्त्रालाही मान्य नाही.

पण याचा अर्थ मन मारून कुढत राहावं असाही नाही. अवधूतांनी यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यात कपोत आहे. पिल्लं जाळ्यात सापडली म्हणून कबुतरी झेपावली, आणि मागोमाग कबुतरानंही स्वतःला जाळ्यात टाकलं. आसक्तीनं सगळंच कुटुंब बुडालं. म्हणजे संसार सोडून पळणं चुकीचं, तसं त्यात डोळे मिटून बुडणंही चुकीचं. त्याच चोवीसांत समुद्र आहे. पावसाळ्यात नद्या येऊन मिळाल्या म्हणून तो मर्यादा सोडत नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही. चाळिशीतल्या गृहस्थानं धरायचा गुरू तो.

मी औदुंबरहून सातव्या दिवशी परत आलो. शहाणा होऊन आलो असं म्हणणार नाही. फॉर्म कपाटात ठेवला आणि मुदत संपेपर्यंत बाहेर काढला नाही, एवढंच. संगणक शिकलो. 2018 साली रीतसर निवृत्त झालो.

इथं लेख संपवला असता तर बरा दिसला असता. पण खरी चूक पुढं आहे.

2009 च्या सुमाराला सौ. सत्तेचाळीस वर्षांची होती. मुलगा नोकरीला बाहेर, मुलगी शिकायला बाहेर, आई अंथरुणाला खिळलेली. सौ. रात्री-अपरात्री उठून अंगणात जाऊन बसायची. मार्गशीर्षातल्या थंडीत पदरानं वारा घ्यायची. अंगातून वाफा निघतात म्हणायची, छातीत धडधडतंय म्हणायची. बारीकसारीक गोष्टीवरून चिडायची, मग एकटीच डोळे पुसायची. मी काय केलं? मी म्हणालो, "हल्ली फार चिडचिडी झालीस. नामस्मरण वाढव. चल, औदुंबरला जाऊन येऊ." ती म्हणाली, "देवाला मी रोज हात जोडते. मला डॉक्टर दाखवा."

मी सहा महिने दाखवला नाही. कामाच्या गडबडीत राहून गेलं म्हणालो, पण खरं कारण असं, की तिचं दुखणं मला दुखणं वाटलंच नाही. शेवटी मुलगी सुट्टीला आली आणि ती घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की पाळी जाण्याचा काळ आहे. आपल्याकडं बहुतेक बायकांना तो सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास येतो. शरीरातली संप्रेरकं कमी झाली की झोप, मन, हाडं, सगळ्यावर परिणाम होतो. यात वेडेपणा नाही आणि नाटकही नाही. औषधं दिली, तपासण्या केल्या. आणि मला बोलावून म्हणाल्या, "घरच्यांनी कामं वाटून घ्या."

त्या दिवशी माझा ताळेबंद मला दिसला. मी बेचाळिसाव्या वर्षी वैतागलो तेव्हा घरानं त्याला वैराग्य म्हटलं. आईनं पेढे वाटायचे तेवढे ठेवले. ती सत्तेचाळिसाव्या वर्षी खरोखरच थकली तेव्हा आम्ही त्याला चिडचिड म्हटलं. माझ्यासाठी ती थांबली, प्रश्न विचारला, घर धरून ठेवलं. तिला सगळं सोडून कुठं जावंसं वाटलं असेल का? मी तिला कधी विचारलंच नव्हतं. हा लेख लिहायला घेतल्यावर परवा विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "वाटायचं की. पण सासूबाईंना पाणी कोण देणार होतं?"

आदिगुरूंची माता अनसूया, तिचं नाव आपण रोज घेतो. अत्री-अनसूयेच्या आश्रमातलं तप दोघांचं होतं. एकानं तप करायचं आणि दुसऱ्यानं चूल सांभाळायची, अशी वाटणी त्या घरात नव्हती.

वाचकांना आणखी एक कळकळीची विनंती. मन खचलं, झोप गेली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर पारायण जरूर करा, पण डॉक्टरांनाही भेटा. मधुमेहाची गोळी घेताना आपण देवावरचा विश्वास कमी झाला असं मानत नाही; मनाच्या औषधाला का मानावं? सरकारची 'टेलिमानस' म्हणून दूरध्वनी सेवा 2022 पासून आहे. 14416 या नंबरावर मराठीतही बोलता येतं. घरातला गडी ओट्यावर बसून नुसता समोर बघायला लागला, किंवा बाई रात्री अंगणात जाऊन बसायला लागली, तर "स्वभाव" म्हणून सोडून देऊ नका.

आता मुलाचं. दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. जमीन आहे, घर आहे, ये म्हणावं असं बाप म्हणून वाटत होतं. येऊ नको म्हणावं असंही वाटत होतं. नोकरी सोडणं पाप नाही. गावाकडं येऊन कष्टानं शेती करणं तर चांगलंच. मी एवढंच विचारलं, "सूनबाईंना विचारलंस का?" पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "आधी तिला विचार. आणि तिलाही काय सोडावंसं वाटतंय ते विचार. मग दोघं मिळून जे ठरवाल त्याला आम्ही आहोत."

अजून त्यांचं काही ठरलेलं नाही. दत्तजयंतीला चौघं येणार आहेत. देवळात पाळणा हलेल तेव्हा मार्गशीर्षातली पौर्णिमा डोक्यावर असेल. अवधूतांच्या चोवीस गुरूंत चंद्रही आहे. कला वाढतात, कला घटतात, चंद्र मात्र घटत नाही. तसे हे वयाचे फेरफार देहाचे, आत्म्याचे नव्हेत. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून चंद्र उतरणीला लागतो, म्हणून आपण त्याला ओवाळायचं थांबत नाही. पुढं संकष्टी येते, रात्री उशिरा उगवणाऱ्या त्या कमी झालेल्या चंद्राची वाट बघत घरातली बाई उपाशी थांबलेली असते. तिच्याबरोबर आपणही थांबावं, एवढं या उतरत्या वयात महाराजांनी आपल्याकडून करून घ्यावं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.